उन्हाळी शाळेला निघण्यापूर्वी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कोल्हापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवता, पीएच.डी.साठी नोंदणी करून दोन वर्षे झाली आहेत, आणि करवीर संस्थानाच्या काळातील मोडी कागदपत्रांच्या एका हस्तलिखित सूचीचा नॉलेज ग्राफ, म्हणजे यंत्रालाही वाचता येईल असे माहितीचे जाळे, उभा करणे हा तुमचा विषय आहे. इटलीत जूनमध्ये भरणाऱ्या आठवडाभराच्या सिमेंटिक वेब संशोधन शाळेसाठी तुमची निवड झाली आहे, पण खर्चाचा मोठा भाग पदरचा घालावा लागणार आहे. म्हणून तुम्ही विचारता की जाण्यात अर्थ आहे का, तयारी काय करावी, तिथल्या गटकामात आपला निभाव लागेल का, आणि चॅटजीपीटीसारख्या भाषा-मॉडेलांच्या या काळात हा विषयच मागे पडला तर नाही ना.

जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आरडीएफ ही माहिती मांडण्याची रीत, स्पार्कल ही तिला प्रश्न विचारण्याची भाषा, आणि ऑन्टॉलॉजीची, म्हणजे गाव, व्यक्ती असे वर्ग व त्यांच्यातील संबंध यांच्या आराखड्याची, रचना शिकायला मिळेल एवढ्याच अपेक्षेने जाणार असाल, तर हा खर्च करू नये. त्या गोष्टी घरी बसून, मोफत मिळणाऱ्या साधनांवर, दोन-तीन महिन्यांत व्यवस्थित शिकता येतात. शाळेत जे मिळते ते वेगळे असते. तुमच्या भाषेची, गावाची आणि कागदांची काहीही माहिती नसलेली पाच-सहा हुशार माणसे आठवडाभर तुमच्याबरोबर एका टेबलाशी बसतात, आणि तुमच्या प्रश्नातला जो भाग तुम्ही आजवर गृहीत धरून चालला होता, तो त्यांच्या साध्या साध्या शंकांमुळे उघडा पडतो. कोल्हापुरात हे होत नाही, कारण इथे ‘सनद’, ‘वतन’ किंवा ‘इनाम’ म्हटले की समोरचा मान हलवतो आणि आपण पुढे सरकतो.

या शाळांचा घाट असा का आहे, हे त्यांच्या जन्मकथेवरून कळते. मे २००१ मध्ये टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात सिमेंटिक वेबची कल्पना मांडली. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची आरडीएफबद्दलची पहिली शिफारस त्याआधी दोन वर्षे, म्हणजे १९९९ मध्ये आलेली होती. वेबवरची पाने माणसाला वाचता येतात, त्यांतील विधाने यंत्रालाही जोडता यावीत, म्हणून प्रत्येक विधान कर्ता, संबंध आणि कर्म अशा तीन पदांत, म्हणजे ट्रिपलमध्ये मांडायचे आणि प्रत्येक पदाला वेबवरचा कायमचा पत्ता द्यायचा, अशी ती कल्पना होती. या कामाकडे तर्कशास्त्राची माणसे आली, डेटाबेसची आली, भाषासंस्करणाची आली, ग्रंथालयशास्त्राचीही आली. पण हे सगळे एका छपराखाली शिकवणारा विभाग बहुतेक विद्यापीठांत नव्हता. ती उणीव भरून काढण्यासाठी २००३ पासून माद्रिदजवळच्या डोंगरातील थेर्सेदिया या गावी उन्हाळी शाळा भरू लागली. २००५ मध्ये माल्टात ‘रीझनिंग वेब’ ही तर्काकडे अधिक झुकलेली शाळा सुरू झाली, आणि तिच्या व्याख्यानांचे खंड आजही उत्तम संदर्भ म्हणून वापरता येतात. २०१८ पासून इटलीतील बर्टिनोरो येथे आंतरराष्ट्रीय सिमेंटिक वेब संशोधन शाळा भरते. पन्हाळ्याची आठवण व्हावी असे ते टेकडीवरचे लहान गाव आहे आणि तिथल्या जुन्या किल्ल्यात विद्यापीठाचे निवासी केंद्र आहे.

बर्टिनोरोच्या शाळेने पाडलेला एक पायंडा तुम्ही जाण्यापूर्वी अवश्य पाहावा. तिथे पूर्ण शाळेला एक संशोधन-विषय दिला जातो, विद्यार्थ्यांचे गट पाडले जातात, आणि गटांनी आठवडाभरात जे केले त्याचा एकत्रित अहवाल प्रसिद्ध होतो. २०१८ च्या अहवालाचा विषय लिंक्ड ओपन डेटाची, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या खुल्या माहितीची, ग्राह्यता हा होता, आणि २०१९ चा विषय नॉलेज ग्राफ काळानुसार कसे बदलतात व कसे जतन करावेत हा होता. दोन्ही अहवाल आर्काइव्ह या मुक्त संग्रहात वाचायला मिळतात. त्यांतील प्रकरणे परिपूर्ण नाहीत, आणि हेच त्यांचे मोल आहे. एका आठवड्यात किती खोल जाता येते, प्रश्न कुठे आवळून धरावा लागतो आणि कोणता भाग सोडून द्यावा लागतो, हे त्यांतून जितके कळते तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकातून कळणार नाही.

मी स्वतः संशोधक विद्यार्थिनी असताना अशा एका शाळेत गेले होते आणि पुढे मार्गदर्शक म्हणूनही गटांबरोबर बसले आहे, तेव्हा एक प्रसंग सांगते. पहिल्या संध्याकाळी प्रत्येकाने आपला विषय पाच मिनिटांत मांडायचा होता. मी दप्तरे, सनदा, मोडीची वळणे असे बरेच काही सांगितले, आणि तयार करून नेलेल्या ऑन्टॉलॉजीतील चाळीस वर्गांचा आराखडा पडद्यावर दाखवला. माझे बोलणे संपल्यावर गटातल्या एका मुलीने शांतपणे विचारले, “तुमची सूची कागदावर आहे तेव्हा जे विचारता येत नाही आणि ग्राफ झाल्यावर विचारता येईल, असे एक वाक्य सांगाल का?” मला ते सांगता आले नाही. ज्या प्रश्नासाठी ते चाळीस वर्ग लागणार होते, तो प्रश्न मी एकदाही लिहून काढलेला नव्हता. त्या रात्री खोलीवर जाऊन मी असे अकरा प्रश्न लिहिले. सकाळी गटाने त्यांतले आठ खोडले, आणि उरलेल्या तीन प्रश्नांना चाळीसपैकी फक्त सात वर्ग पुरले.

या प्रकाराला आमच्या क्षेत्रात ‘कॉम्पिटन्सी क्वेश्चन’ म्हणतात. टोरांटोच्या मायकेल ग्रुनिंगर आणि मार्क फॉक्स यांनी १९९५ मध्ये ही पद्धत मांडली. ऑन्टॉलॉजीने ज्या प्रश्नांची उत्तरे द्यायची ते प्रश्न आधी लिहायचे, आणि मगच वर्ग व संबंध ठरवायचे. तुमच्या अर्जात तुम्ही ‘संस्थानकालीन कागदपत्रांचा अर्थपूर्ण शोध’ असे लिहिले आहे. यावर कोणालाही काम करता येणार नाही. त्याऐवजी समजा तुम्ही विचारले, ‘१७८० ते १७९० या काळात ज्या गावांच्या पाटीलकीचे तंटे सूचीत नोंदलेले आहेत, त्यांपैकी कोणत्या गावांत तीच घराणी पुढच्या पन्नास वर्षांच्या कागदांतही दिसतात?’ आता गाव लागते, व्यक्ती लागते, घराणे लागते, तंटा हा प्रसंग म्हणून लागतो, आणि काळ मोजण्याची काहीतरी पक्की रीत लागते. कागदाचा रंग आणि शिक्क्याचा आकार सध्या लागत नाहीत, हेही त्याच वाक्यातून ठरते.

काळ मोजण्याच्या रीतीपाशी जरा थांबते, कारण तुमच्या विषयातले सर्वांत कसदार संशोधन मला तिथे दिसते. सूचीत ‘सलास समानीन मया व अलफ’ अशी नोंद तुम्ही पाहिली असेल. ही शुहूर सनाची अरबी संख्यानामे आहेत. सलास म्हणजे तीन, समानीन म्हणजे ऐंशी, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, एकूण ११८३. हा सन सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा पालटतो, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणतात. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन येतो. त्यामुळे महिना दिलेला नसेल, तर तो कागद १७८२ च्या मृगापासून १७८३ च्या मृगापर्यंत केव्हाचाही असू शकतो. सूची करणाऱ्याने शेजारी बहुधा पेन्सिलीने नुसते ‘१७८२’ लिहून ठेवलेले असते. तो आकडा तुम्ही वर्ष म्हणून जसाच्या तसा भरलात, तर कागदाने जे सांगितलेले नाही ते तुमचा ग्राफ ठामपणे सांगू लागतो, आणि पुढे कोणी दोन घटनांचा क्रम विचारला तर चुकीचे उत्तर मिळते, तेही निःशंकपणे.

यावर उपाय तयार आहे. सांस्कृतिक वारशाच्या नोंदींसाठी असलेल्या सीडॉक-सीआरएम या प्रतिमानात, जे आयएसओ २११२७ या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानकही आहे, ‘कालखंड’ हा स्वतंत्र वर्ग आहे. घटना या सीमांच्या आत केव्हातरी घडली असे म्हणायला एक संबंध आहे, आणि या पूर्ण अवधीत ती चालू होती असे म्हणायला दुसरा. २०१७ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने शिफारस केलेल्या ओडब्ल्यूएल-टाइम या काळाच्या ऑन्टॉलॉजीतही अवधी आणि त्यांचे परस्परसंबंध मांडण्याची सोय आहे. पण कोणता संबंध केव्हा वापरावा, मूळ अरबी शब्द कुठे ठेवावेत, पेन्सिलीतला आकडा हे कागदाचे विधान मानावे की सूचीकाराचे, हे निर्णय तुम्हालाच घ्यावे लागतील आणि ते गटासमोर घेण्यासारखे आहेत. मध्ययुगीन युरोपच्या कागदांतही राजाच्या राज्यारोहणापासून मोजलेली वर्षे येतात. आपला राजशक १६७४ च्या राज्याभिषेकापासून मोजला जातो, त्याच जातीची ती गोष्ट आहे. तिकडच्या पुरालेखांवर काम केलेला एखादा विद्यार्थी गटात असला, तर तुमची अडचण त्याला दहा मिनिटांत कळते आणि त्याच्याकडे तिच्यावर वापरून पाहिलेला एखादा तोडगाही असतो.

नावांच्या बाबतीतही असाच सापळा आहे. ‘करवीर’ हे कोल्हापूर शहराचे जुने नाव आहे, संस्थानाचेही तेच नाव होते, आणि आज तो एक तालुका आहे. नवखा माणूस या तिघांना ‘सेम ॲज’ या संबंधाने बांधून मोकळा होतो. त्या संबंधाचा तार्किक अर्थ अत्यंत कडक आहे: दोन्ही पत्ते एकाच वस्तूचे आहेत, म्हणून एकाबद्दलचे प्रत्येक विधान दुसऱ्यालाही लागू. परिणामी तालुक्याची लोकसंख्या संस्थानाला चिकटते आणि संस्थानाचे छत्रपती शहराच्या पदाधिकाऱ्यांत जाऊन बसतात. ‘शाहू’ या नावाचे तसेच. साताऱ्याचे छत्रपती शाहू (१६८२–१७४९) आणि आपले राजर्षी शाहू (१८७४–१९२२) यांच्यात दीडशे-दोनशे वर्षांचे अंतर आहे, तरीही केवळ नावावरून जोडणी करणारा प्रोग्राम त्यांना एक करतो. शिवाय राजर्षींच्या जन्मतारखेचेच पाहा. शासन २६ जून हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळते, पण जुन्या काही ग्रंथांत २६ जुलै अशी तारीख सापडते. ग्राफमध्ये यांतली एक पुसून टाकू नये. दोन्ही विधाने आपापल्या आधारासह ठेवावीत आणि कोणते ग्राह्य मानले ते वेगळे नोंदवावे. विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्याने विधानांना संदर्भ आणि श्रेणी देण्याची सोय ठेवली आहे ती यासाठीच.

आणखी एक गोष्ट तुम्हाला तिथे कोणी सांगणार नाही, ती इथूनच शिकून जावी लागेल. ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दातला ‘ऱ्या’ संगणकात किमान दोन प्रकारे साठवलेला असतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असून त्यापुढे हलन्त आणि ‘य’ येतो. दुसऱ्या, जुन्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारे शून्य-रुंदीचे जोडचिन्ह आणि त्यानंतर ‘य’ असतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण स्पार्कलच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण चालवले तरी हे दोन प्रकार एक होत नाहीत. ‘र’खाली नुक्ता देऊन लिहिलेला ‘ऱ’ तेवढा त्यातून दुरुस्त होतो. माझ्या एका संग्रहात गावांच्या नावांची जोडणी तीन आठवडे अर्धवट राहिली होती, आणि तिचे कारण हे एवढेसे अदृश्य चिन्ह निघाले. तुमची सूची दोन-तीन टंकलेखकांनी मिळून संगणकावर घेतली असेल, तर निघण्यापूर्वी ही शुद्धी करून घ्या, नाहीतर शाळेतले मोलाचे दोन दिवस त्यात जातील.

आता तयारीबद्दल. सूचीतल्या वीस नोंदी निवडा, दोनशे नकोत. त्यांत पाच अगदी स्वच्छ असाव्यात, दहा नेहमीच्या, आणि पाच अशा की ज्यांच्यापुढे तुम्ही स्वतः हात टेकले आहेत. त्यांचे मूळ मराठी, साधे इंग्रजी भाषांतर आणि दोन-दोन ओळींचे स्पष्टीकरण कागदावर छापून न्या. मी हे कागदावर मुद्दाम म्हणते, कारण टेबलावर कागद पसरले की गट त्यांच्याभोवती जमतो, आणि लॅपटॉपच्या पडद्याकडे मात्र एकच जण पाहत राहतो. कागदपत्रांच्या प्रतिमा नेणार असाल, तर ज्या कार्यालयातून त्या मिळाल्या तिथून वापराची लेखी परवानगी आधीच घ्यावी. गटाचे काम प्रसिद्ध होण्याची वेळ येते तेव्हा हा कागद नसला की सगळेच अडते.

तांत्रिक बाजूने प्रोटेजे या संपादकात एक लहान ऑन्टॉलॉजी बांधून पाहा, पायथनच्या आरडीएफलिबने त्या वीस नोंदींचे ट्रिपल तयार करा, जेनाच्या फ्युसेकी सर्व्हरवर ते चढवा आणि त्यांना स्पार्कलने प्रश्न विचारा. विकिडेटाच्या प्रश्नसेवेवर कोल्हापूर जिल्ह्यातील गावांची मराठी नावे मागवून पाहणे हाही चांगला सराव आहे. कोणत्या गावांना मराठी लेबल आहे आणि कोणती अजून इंग्रजी नावानेच बसली आहेत, ते लगेच दिसते. सैद्धांतिक बाजूने एकच गोष्ट पूर्ण पचवून जा, ती म्हणजे खुल्या विश्वाचे गृहीतक: जे सांगितलेले नाही ते खोटे मानायचे नाही, फक्त माहीत नाही असे मानायचे. डेटाबेसची सवय असलेल्या माणसाला ती फार जड जाते, म्हणून उदाहरण देते. ‘एका गावाला एका वेळी एकच मुकादम पाटील’ असा नियम तुम्ही ओडब्ल्यूएल या ऑन्टॉलॉजीच्या भाषेत लिहिला आणि सूचीत एका गावापुढे दोन नावे आली, तर तर्कयंत्र चूक दाखवील अशी तुमची अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते शांतपणे निष्कर्ष काढते की ही दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत, कारण वेगळ्या नावांची माणसे वेगळीच असतात हे त्याला कोणी सांगितलेले नसते. माहितीतल्या चुका पकडायच्या असतील तर त्यासाठी २०१७ मध्ये आलेले शॅकल वापरावे. ओडब्ल्यूएल निष्कर्षासाठी आहे, शॅकल तपासणीसाठी. हा भेद ज्याला स्पष्ट आहे, त्याला पहिल्या दोन दिवसांची व्याख्याने सहज झेपतात.

गटकामाच्या भीतीबद्दल तुम्ही संकोचाने लिहिले आहे, पण ती भीती मी दरवेळी पाहते, आणि ती फक्त आपल्याकडच्या मुलांनाच वाटते असे नाही. दिवसाचा क्रम साधारण असा असतो: सकाळी व्याख्याने, दुपारी प्रात्यक्षिके, संध्याकाळी आणि पुष्कळदा जेवणानंतरही गटाचे काम, शेवटच्या दिवशी मांडणी. तिसऱ्या दिवशी बहुतेक गट थकलेले आणि एकमेकांवर वैतागलेले असतात, कारण प्रश्न अजून ठरलेला नसतो आणि वेळ निम्मा संपलेला असतो. त्या वेळी गटाला सफाईदार इंग्रजी बोलणारा फारसा उपयोगी पडत नाही. आतापर्यंत काय ठरले, काय सोडून दिले आणि का सोडले, हे ज्याने लिहून ठेवले आहे त्याच्याकडे सगळे वळतात. ते काम तुम्ही पहिल्याच दिवशी मागून घ्या. त्याने तुमचे ऐकणे नेमके होते, न समजलेले विचारण्याचा तुम्हाला हक्कच मिळतो, आणि शेवटच्या अहवालाचा पहिला मसुदा आपोआप तुमच्या हातात येतो. वाक्ये लहान ठेवा, अडले तर फळ्यावर चित्र काढा. आणि गटाने तुमची सूची न घेता दुसऱ्याच कुणाचा विषय निवडला, तर मन मोडू नका. दुसऱ्याच्या माहितीवर प्रश्न कसा आवळतात हे तुम्ही तिथे करून शिकाल, आणि परतीच्या विमानात तेच तुमच्या वीस नोंदींवर लावून पाहाल. मी पाहिलेल्या विद्यार्थ्यांपैकी पुढे चांगले काम केलेले बरेच जण असेच शिकले.

भाषा-मॉडेलांमुळे हा विषय मागे पडला का, हा प्रश्न तुम्ही शाळेतही विचारावा, तिथे त्यावर रोज चर्चा होईल. माझे मत सांगते. २००१ च्या त्या लेखात आईच्या उपचारांच्या वेळा परस्पर ठरवणारे यंत्रदूत रंगवले होते. ते त्या स्वरूपात आले नाहीत, हे मान्य करायला हवे. पण २०११ मध्ये वेबपानांवरच्या माहितीसाठी समान शब्दसंग्रह देणारे स्कीमा डॉट ऑर्ग आले, २०१२ मध्ये गुगलने नॉलेज ग्राफ जाहीर केला आणि त्याच वर्षी विकिडेटा सुरू झाला, आणि यांच्या मुळाशी हीच विद्या आहे. तुमच्या कामात भाषा-मॉडेल जरूर वापरा. सूचीतल्या गद्य नोंदींतून गाव, व्यक्ती आणि प्रसंग वेगळे काढून ट्रिपलचा कच्चा खर्डा करायला ते चांगले मदतनीस आहे. मात्र ‘सलास समानीन’चे रूपांतर करताना ते कधी ५९९ मिळवील, कधी ६००, आणि दोन्ही वेळा सारख्याच आत्मविश्वासाने सांगेल. कोणते विधान कागदातले, कोणते सूचीकाराचे, कोणते मॉडेलचे आणि कोणते तुम्ही स्वतः तपासलेले, हे २०१३ च्या प्रोव्ह-ओ या ऑन्टॉलॉजीने प्रत्येक विधानाशी नोंदवता येते. इतिहासाच्या अभ्यासकाला तुमच्या ग्राफवर विश्वास ठेवायचा असेल, तर तो या नोंदीच्या आधारावरच ठेवता येईल. हा विषय मागे पडला असे मला मुळीच वाटत नाही. उलट तुमच्यासारख्या कागदांवर काम करणाऱ्यांची गरज वाढली आहे, कारण मोडी सूचीतले हे बारकावे ज्या मजकुरावर मॉडेले शिकली, त्यात फारसे नाहीतच.

खर्च आणि प्रवासाबद्दल थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो दाखल व्हावा लागतो, पण तुम्ही दोन-अडीच महिने हाताशी ठेवूनच करा. निदान तीस हजार युरोचे वैद्यकीय विमासंरक्षण लागते, आणि बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत काम उरकणे सोयीचे पडते. शाळेकडे शुल्कमाफीबद्दल विचारण्यात संकोच करू नका. ते पत्र एका परिच्छेदाचे असावे आणि त्यात अडचणीपेक्षा विषयाबद्दल अधिक लिहावे. महाविद्यालयाकडून निदान कर्तव्यरजा लेखी घ्या. बर्टिनोरोला जाण्यासाठी बोलोन्याहून रेल्वेने फोर्लीपर्यंत किंवा त्यापुढच्या फोर्लिंपोपोलीपर्यंत जाता येते. तिथून टेकडी चढायला वाहन लागते.

परतल्यानंतरचा पहिला महिना मी फार महत्त्वाचा मानते, कारण त्या महिन्यात काही उभे राहिले नाही तर शाळेच्या वह्या कपाटात जातात. त्या वीस नोंदींचा लहानसा ग्राफ, त्याची तीन प्रश्नवाक्ये आणि शॅकलचे नियम एवढे तरी सार्वजनिक करा. पत्ते ठरवताना मात्र सावध राहा. एका संस्थेच्या संकेतस्थळावर आम्ही काही हजार नोंदींना पत्ते दिले होते. संस्थेने संकेतस्थळ नवे केले आणि ते सगळे पत्ते एका रात्रीत निकामी झाले. ज्यांनी आपापल्या लेखांत त्यांचे संदर्भ दिले होते, त्यांना मी आजही नीट उत्तर देऊ शकत नाही, आणि त्याचे मला फार वाईट वाटते. तेव्हापासून मी डब्ल्यूथ्रीआयडी सारख्या कायमस्वरूपी पत्त्यांच्या मोफत सेवेतूनच पत्ते घेते. ग्राफ कुठेही हलवला तरी तिथली एक ओळ बदलली की पुरते. विभागातल्या विद्यार्थ्यांना एक दुपार देऊन याच नोंदींवर सराव करू द्या. आणि मोडी वाचणाऱ्या एखाद्या जुन्या जाणकाराला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. तुमच्या ग्राफमधली चूक त्यांच्या नजरेला जितक्या लवकर दिसेल, तितकी ती कोणत्याही तर्कयंत्राला दिसणार नाही.

व्हिसाच्या कागदांआधी त्या वीस नोंदी निवडा. निवडून झाल्या की मला पाठवा, किंवा एखाद्या रविवारी सकाळी घेऊन या. शुहूर सनाच्या रूपांतराचा माझा हाताने केलेला तक्ता तुम्हाला देते, आणि ज्या पाच नोंदींपुढे तुम्ही हात टेकले आहेत त्या आधी वाचू.